सकर मासा : टाकीतून उजनीत

मत्स्यालयाच्या काचेवरील शेवाळ खरवडून खातो म्हणून हौसेने विकत घेतला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील असून, बोटाएवढा आणलेला हा जीव फूटभर वाढला की टाकी अपुरी पडते आणि दयेपोटी त्याला नदीत सोडले जाते. उजनी जलाशयात आता त्याच्या हाडासारख्या कवचाने आणि काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. हवेतूनही श्वास घेता येत असल्याने तो प्रदूषित पाण्यातही तगतो. अशा आक्रमक, म्हणजे परक्या पाण्यात बेसुमार वाढून स्थानिक जातींना हटवणाऱ्या माशांच्या केवळ आयातीवर बंदी घालणे अपुरे आहे, कारण सकरची पैदास देशातच होते. थांबवायला हवी ती पैदास व विक्री, आणि वाढलेला मासा परत घेण्याची सोय दुकानदारांवर बंधनकारक व्हायला हवी.