‘उत्क्रांती’ : शब्दाचा अर्थ आणि दगडांची साक्ष

‘इव्होल्यूशन’ या संज्ञेसाठी मराठीने ‘उत्क्रांती’ हा शब्द स्वीकारला. ‘उद्’ या उपसर्गामुळे वर चढण्याची कल्पना त्या शब्दाच्या अंगीच आहे. डार्विनच्या सिद्धांतात मात्र अशी चढण गृहीत नाही. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नामही आढळत नाही. जीवांचे वंश पालटत चालत आले व परिस्थितीस अनुरूप असलेले टिकले, एवढेच त्याचे प्रतिपादन होय. जे टिकले ते श्रेष्ठ, असा त्याचा अर्थ नव्हे. शब्द आणि सिद्धांत यांतील हे अंतर शास्त्रांच्या वाटचालीतही उमटले आहे.

प्रागितिहास हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच १८५९ साली फ्रान्समधील सोम नदीच्या गाळातील दगडी हत्यारांना इंग्रज भूशास्त्रज्ञांनी मान्यता दिली. हा शोध स्वतंत्र होता. परंतु मानवाच्या प्राचीनतेला अर्थ आला तो डार्विनच्या विचारामुळे. पुढे १८६३ च्या मे महिन्यात भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट याला मद्रासजवळ पल्लावरम येथे, जांभ्याच्या मुरुमात, एक घडीव दगड मिळाला. त्याच वर्षी, अंबत्तूरच्या वायव्येस असलेल्या कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यात, अत्तिरंपाक्कम येथे त्याला व विल्यम किंग याला अशीच हत्यारे सापडली. भारतीय प्रागितिहासाचा हा आरंभ होय.

परंतु नव्या शास्त्राने सिद्धांताबरोबर शिडीही उचलली. गाब्रिएल द मॉर्तिये याने १८६९ मध्ये फ्रान्समधील हत्यारांची क्रमवार युगे आखली. प्रगती हाच मानवजातीचा नियम, अशी त्याची श्रद्धा होती. पुढे एका प्रदेशाचा क्रम इतर प्रदेशांनाही लावण्याची प्रवृत्ती बळावली.

अत्तिरंपाक्कमच्याच दगडांनी या प्रवृत्तीस मर्यादा घातली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलेल्या शांती पप्पू आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये तेथील हातकुऱ्हाडींचे वय सुमारे १५ लाख वर्षे ठरविले. अधिक नाजूक, छिलक्यांची हत्यारे भारतात सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी बाहेरून आली, असा समज होता. २०१८ मध्ये तेथे ती सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीची ठरली. उलट, मध्य भारतात सोन नदीच्या खोऱ्यात सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीही हातकुऱ्हाडी घडविल्या जात होत्या. सर्वांनी एकाच वेळी चढावी अशी शिडी येथे दिसत नाही. दिसतात त्या निरनिराळ्या वाटा. ही हत्यारे कोणत्या मानवाने घडविली, हे सांगणारी मानवी हाडे अत्तिरंपाक्कमला मिळालेली नाहीत. तेव्हा हत्यारावरून मानवाची पायरी ठरविणेही धाडसाचे होय.

साहित्यविचारातही ‘काव्याची उत्क्रांती’, ‘कादंबरीची उत्क्रांती’ असे प्रयोग रूढ आहेत. ज्ञानेश्वरांच्या ओवीनंतर मोरोपंतांची आर्या आली. नंतरची म्हणून ती वरची ठरत नाही. ‘उत्क्रांती’ हा शब्द टाकण्याचे कारण नाही. मात्र त्यातील ‘उद्’ हा मूल्यनिर्णय नव्हे, हे स्मरणात ठेवले पाहिजे. क्रम सांगणे हे इतिहासाचे काम, श्रेष्ठत्व ठरविणे हे समीक्षेचे. आणि त्या निर्णयाची कारणे समीक्षेने स्वतःच दिली पाहिजेत.