शपथ आणि उपचार

आपल्या जव्हार-मोखाड्याकडे मोहाची दारू सुटावी म्हणून घरची माणसे देवाची शपथ घालतात. निश्चय हवाच, परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून अशा माणसाला रुग्णालयात ठेवून शामक औषधे व ब-१ जीवनसत्त्व देतात. शरीर सावरल्यावर मनाचे उपचार सुरू होतात. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये त्यासाठी रुग्णाला सुमारे पाच आठवडे ठेवतात. समुपदेशन व गटचर्चा होतात. घरी परतल्यावरही पाठपुरावा लागतोच. व्यसन हा आजार आहे. तेव्हा शपथेआधी डॉक्टर गाठावा, हे आपण शिकणाऱ्या मुलांनी घरोघरी सांगितले पाहिजे.