सामाईक वखारीच्या किल्ल्या

गेल्या गणेशोत्सवात, प्रसादाच्या रांगेत, भारतातून मुलीकडे आलेल्या एका काकांनी मला विचारले, "तुम्ही काय करता?" मी नेहमीप्रमाणे म्हटले, "मी स्टोरेजमध्ये आहे." काका लासलगावचे. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! कांद्याचं की बटाट्याचं?"

मागे उभे असलेले दोघे-तिघे संगणकवाले हसले. पण घरी परतताना गाडीत मला वाटले, काकांचे तसे काही चुकले नव्हते. मीही वखारच सांभाळतो, माल तेवढा वेगळा. आणि त्या हसणाऱ्यांपैकी किती जणांना, आपला प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर चालतो तो या वखारीला कसा जोडलेला असतो हे ठाऊक असेल? म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी प्रत्येक सर्व्हरची डिस्क त्याच्या पोटात किंवा फार तर शेजारच्या पेटीत असे. मधे जाडजूड स्कझी केबल. साध्या जातीची असेल तर तिची लांबी ६ मीटर, डिफरन्शियल जातीची असेल तर २५ मीटर, त्यापुढे संपले. एका केबलवर आधी ८ आणि नंतर १६ पत्ते, त्यांतला एक सर्व्हरच्या कार्डाचाच. परिणाम असा, की एका सर्व्हरची डिस्क ओसंडून वाहते आहे आणि शेजारच्याची निम्मी रिकामी आहे, तरी उसनवारी शक्य नाही. शेजारून वाटीभर साखर आणता येते. दोन गिगाबाइट आणता येत नसत.

१९९४ साली अमेरिकन प्रमाणसंस्थेने, म्हणजे 'अ‍ॅन्सी'ने, फायबर चॅनेल या पद्धतीला मान्यता दिली आणि हे चित्र पालटू लागले. (समितीने इंग्रजीत मुद्दाम ब्रिटिश वळणाचे स्पेलिंग निवडले, कारण ही पद्धत काचेच्या तंतूबरोबर तांब्याच्या तारेवरूनही चालते. देवनागरीत दोन्ही 'फायबर'च, त्यामुळे आपल्याला तो वाद नाही.) यात भाषा जुनीच राहिली, ती स्कझीची, रस्ता मात्र नवा झाला. सुरुवातीच्या वर्षांत वेग सेकंदाला १ गिगाबिट आणि योग्य तंतू असेल तर अंतर १० किलोमीटरपर्यंत. आता सगळ्या डिस्का एका मोठ्या कपाटात ठेवायच्या, मधे स्विच बसवायचे आणि पन्नास सर्व्हरांना त्या कपाटातली हवी तेवढी जागा तोडून द्यायची. हेच स्टोरेज एरिया नेटवर्क, बोलीभाषेत 'सॅन'.

पण भाषा जुनीच राहिली यात एक गोम आहे. स्कझीची भाषा घडली तेव्हा केबलच्या टोकाला बहुधा एकच मालक असे. त्यामुळे सर्व्हरचा स्वभाव असा बनला, की जी डिस्क दिसली ती माझी. वखारीत पन्नास व्यापारी आले तरी प्रत्येकाला दिसेल ती खोली आपलीच वाटते. म्हणून सॅनला सर्व्हर जोडणे हे काम वाटते त्याच्या उलट आहे. दाखवणे सोपे, जे त्याचे नाही ते त्याच्या नजरेआड ठेवणे, हे खरे काम.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. १९९९ च्या ऑक्टोबरात, न्यू जर्सीतल्या एका कंपनीत, मी एक नवा विंडोज एनटी सर्व्हर स्विचला जोडला. त्याच स्विचवर सोलारिसचा एक डेटाबेस सर्व्हर होता. मधे कुंपण नव्हते. ते घालायचे काम माझ्याच यादीत 'पुढच्या आठवड्यात' म्हणून लिहिलेले होते. एनटीला सोलारिसच्या डिस्का दिसल्या. त्यांवर आपल्या ओळखीची खूण नाही, ती लिहू का, असे तिने मला रीतसर विचारले. मी डिस्क-क्रमांक न वाचता 'हो' म्हटले.

त्या दिवशी काहीच झाले नाही. सोलारिसने डिस्कचे लेबल, म्हणजे तिच्यावरील विभागांचा नकाशा, सुरू होतानाच वाचून स्मरणात ठेवलेला असतो. पहिल्या सेक्टरमधला तो नकाशा खाली विसकटला होता आणि वर डेटाबेस सुखाने चालू होता. चार दिवसांनी, रविवारी रात्री, ठरलेल्या देखभालीसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा तो म्हणाला की लेबल बिघडलेले आहे. पहाटे अडीचला पेजर वाजला. सकाळी आठला ऑर्डर घेणारी माणसे कामावर यायची होती. पेजरवरच्या मजकुरात सर्व्हरचे नाव वाचले आणि बुधवारचे ते 'हो' आठवून माझ्या पोटात गोळा आला.

वाचवले ते सोलारिसच्या दूरदृष्टीने. ती लेबलाच्या काही प्रती डिस्कच्या अगदी शेवटच्या सिलिंडरवर ठेवते. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे माहीत होते. 'फॉर्मॅट' हे नाव वाचूनच छाती धडधडावी अशा प्रोग्रॅममध्ये 'बॅकअप' नावाची आज्ञा असते. तिने ती प्रत शोधून पहिल्या सेक्टरवर परत लिहिली. डेटाला धक्का लागला नव्हता. साडेसहाला मी गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो. तो पार थंड झाला होता, हे नंतर लक्षात आले.

आता ते कुंपण कसे घालतात ते सांगतो. सर्व्हरमध्ये एक कार्ड बसवतात. त्याच्या प्रत्येक पोर्टला कारखान्यातूनच ६४ बिटांचा, म्हणजे १६ अंक-अक्षरांचा, जगात दुसऱ्याचा नसलेला क्रमांक मिळालेला असतो. डिस्क-कपाटाच्या पोर्टांनाही तसेच. स्विचवर आपण लिहितो, की अमुक क्रमांकाच्या कार्डाने तमुक क्रमांकाच्या कपाट-पोर्टाशीच बोलावे. याला झोनिंग म्हणतात. एका झोनमध्ये सर्व्हरचे एकच कार्ड ठेवावे, असा माझा हट्ट आहे. आळस म्हणून दहा सर्व्हर एका झोनमध्ये घातले, तर एखादा सर्व्हर नुसता बंद-चालू झाला तरी त्याची वर्दी बाकीच्या नऊजणांकडे जाते.

पण झोनिंग म्हणजे वखारीच्या फाटकावरचा पहारेकरी. आत कोणती खोली कोणाची, हे तो सांगत नाही. ते कपाटाच्या आत ठरवावे लागते: या कार्डाला या डिस्का दाखव, बाकीच्या लपव. हे मास्किंग. खोलीला 'लन' म्हणतात आणि तिला क्रमांक असतो. पण तो क्रमांक दर सर्व्हरला वेगळा दिसू शकतो. माझी पाच नंबरची डिस्क तुमची शून्य नंबरची असू शकेल. म्हणून फोनवर कोणी "पाच नंबरची काढून टाक" म्हणाले, तर आधी डिस्कचा अनुक्रमांक विचारावा. आणि कार्ड जळाले म्हणून रात्री नवे बसवले आणि एकही डिस्क दिसेना, तर घाबरू नये. नव्या कार्डाचा क्रमांक नवा असतो. तो फाटकावर आणि आत, दोन्हीकडे लिहावा लागतो.

"मग दोन सर्व्हरांना एकच डिस्क मुद्दाम दिली तर?" असे तरुण मंडळी हमखास विचारतात. द्यावी, पण दोघांमध्ये समेट घडवून. एकाच खातेवहीवर दोन मुनीम बसले आहेत अशी कल्पना करा. दोघांनी सकाळी वही वाचून पाने डोक्यात ठेवली. एकाने रिकाम्या पानावर गणपतरावांचे खाते उघडले. दुसऱ्याच्या लेखी ते पान अजून रिकामेच, त्याने तिथे सखारामशेटचे उघडले. कोणीही खोटे लिहिले नाही, तरी संध्याकाळी वही बाद. नेहमीच्या फाइल-सर्व्हरवर हे होत नाही, कारण तिथे वहीशी एकच मुनीम बसतो आणि बाकीचे त्याला विचारतात. सॅनवर प्रत्येकजण थेट वहीत लिहितो. त्यासाठी एकमेकांना कुलपाची सूचना देणारी फाइल-व्यवस्था लागते: व्हीएमवेअरची व्हीएमएफएस, लिनक्सवरची जीएफएस२ किंवा ओसीएफएस२. नुसती डिस्क दोघांना 'दिसते' म्हणून दोघांनी वापरू नये.

त्यानंतरच्या काळात यंत्रेही शहाणी झाली. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये, नवी दिसलेली सामाईक डिस्क आपण होऊन चालू न करण्याची सोय आली. २००४ साली आयस्कझीचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि साध्या इथरनेटवरूनही हीच वखार गाठता येऊ लागली. तिथे कार्डाच्या क्रमांकाऐवजी सर्व्हरला नाव असते. कोणाला काय दाखवायचे हा प्रश्न तसाच.

राहता राहिली दुसरी वाट. सर्व्हरला दोन पोर्ट, दोन वेगळे स्विच, कपाटाचे प्रत्येक बाजूला दोन पोर्ट. म्हणजे एका डिस्ककडे चार वाटा आणि सर्व्हरला एकच डिस्क चारदा दिसणार. ती एकच आहे हे अनुक्रमांकावरून ओळखणारे मल्टिपाथ सॉफ्टवेअर आधी बसवावे, मगच डिस्क वापरायला घ्यावी. कागदावर हे फार छान दिसते. पुढे एका ठिकाणी मी हे सगळे चोख केले आणि दोन्ही केबली मात्र फरशीखालच्या एकाच भोकातून नेल्या होत्या. वातानुकूलनाच्या कामासाठी आलेल्या माणसाने फरशीचा चौकोन परत बसवला आणि दोन्ही एकदम चिरडल्या. आता मी सर्व्हर ताब्यात देण्यापूर्वी एक केबल स्वतः उपटून पाहतो, ती परत लावतो, मग दुसरी उपटतो. आणि फरशी उचलून दोन्ही कुठून जातात तेही बघतो.