प्रवासकथांतून जिल्ह्याची ओळख

कोल्हापूर जिल्ह्यात दरवर्षी जुलै महिन्यात पन्हाळगडावरून पावनखिंडीकडे पदयात्रा निघतात. १६६० च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून बाहेर पडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले, त्या मार्गाने विद्यार्थी, शिक्षक व नोकरदार भर पावसात चालतात. मुक्कामाच्या गावी ओले कपडे वाळत घालून मंडळी बसली की गप्पांना रंग चढतो. कोणी शिवा काशिदाच्या बलिदानाची हकिगत सांगतो, तर कोणी पावनखिंडीचे पूर्वीचे नाव विचारतो. ‘घोडखिंड’ हे उत्तर बहुधा एखादा लहान मुलगाच देतो. मात्र या वाटेचे अंतर किती, असे विचारले तर प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. त्यात कोणी खोटे बोलत नसतो. कोण कोणत्या वाड्यावरून गेला याची नोंद कोणीच ठेवलेली नसते, एवढेच.

अशा गप्पांना थोडे वळण दिले तर गावासाठी उपयुक्त असा उपक्रम त्यातून उभा राहू शकतो. महाराष्ट्र दिनी किंवा ग्रामसभेच्या जोडीने शाळेत मेळावा भरवावा. त्यात प्रत्येकाने आपल्या प्रवासातील एक अनुभव सांगावा आणि राज्याविषयी किंवा जिल्ह्याविषयी एक प्रश्न इतरांना घालावा. त्यास खर्च जवळजवळ नाही. अट एकच असावी : सांगितलेली गोष्ट स्वतः पाहिलेली आहे, कोणाकडून ऐकलेली आहे की कोठे वाचलेली आहे, हे सांगणाऱ्याने स्पष्ट करावे आणि शिक्षकांनी ते वहीत तसेच लिहून घ्यावे.

या अटीचे महत्त्व खिद्रापूरच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. तेथील कोपेश्वर मंदिर शिलाहारकालीन असून त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे आहे. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही. तो कृष्णेच्या खोऱ्यातच, कर्नाटकातील यडूर येथे आहे, असे गावकरी सांगतात आणि त्यास दक्षयज्ञाची कथा जोडतात. यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही याच मंदिरात आहे. कथा आणि शिलालेख ही दोन्ही जपण्याजोगी आहेत. परंतु एकीच्या जागी दुसरा लिहिला गेला की पुढच्या पिढीला दोहोंपैकी एकही नीट मिळत नाही.

काही प्रश्नांची उत्तरे वर्षाविना अपुरी राहतात. महाराष्ट्रात जिल्हे किती? १९६० साली राज्य स्थापन झाले तेव्हा ते २६ होते आणि २०१४ साली पालघर झाल्यावर ३६ झाले. जुन्या पुस्तकावरून पाठ केलेला आकडा घेऊन येणाऱ्या आजोबांना चूक ठरवण्याऐवजी त्यांच्या उत्तरापुढे साल लिहावे, हे बरे. पंचगंगेच्या पाच नद्या विचारल्या तर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नकाशावर दाखवता येतात. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते, म्हणजे ती श्रद्धेच्या रकान्यात जाते.

उलट, जेथे केवळ श्रद्धेचा विषय आहे असे वाटते तेथे कधीकधी गणितही सापडते. अंबाबाईच्या मंदिरात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे किरण मूर्तीवर पडतात. वर्षातून दोनदाच का? २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी आणि तितकेच नंतर तो क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने त्या दिवसांत किरणे सरळ गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि सूर्य खाली जाईल तसा प्रकाश चरणांपासून वर चढतो. ढग, धूळ वा वाटेतील बांधकाम आड आले की किरणे अपुरी राहतात. कोणत्या दिवशी किरणे कोठवर पोहोचली, याच्या नोंदी असतील तरच अडथळा नवा की जुना, याचा निर्णय करता येतो. हा धडा भूगोलाच्या शिक्षकाने अवश्य घ्यावा.

कोल्हापूर शहरातील मुलांना टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय ठाऊक असते. मात्र ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती या संग्रहालयाचे भूषण आहे, हे त्यांतील फार थोड्यांना माहीत असते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेला ही देवता आली कशी, हा प्रश्न विचारला की सातवाहनकालीन व्यापाराचा धडा न कंटाळता शिकवता येतो.

या उपक्रमात सर्वांत निकडीची नोंद मात्र प्राचीन नाही. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी तेथील अनेक गावांना महापुराने वेढले. त्या दिवसांत घरे सोडून निघालेल्यांचा प्रवासही प्रवासच होता. कोणता रस्ता प्रथम पाण्याखाली गेला, जनावरे कोणत्या वाटेने हलवली, नाव कोठे लागली, पाणी मंदिराच्या किंवा शाळेच्या कितव्या पायरीला आले, हे आज घराघरांत माणसे सांगू शकतात. कोठे भिंतीवर रेघ ओढलेली असते, पण भिंत नव्याने रंगवली की ती नाहीशी होते. मेळाव्यात या हकिगती आवर्जून सांगावयास लावाव्यात, रस्त्याचे नाव, तारीख आणि शक्य तर वेळ लिहावी आणि वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत व एक तलाठी कार्यालयात ठेवावी. पुढील वर्षी जून उजाडण्यापूर्वी सरपंचांनी ती एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावी.