साडेपाच तासांची चूक

आमचा एक जॉब दर दहा मिनिटांनी चालतो. दोन वर्षांपूर्वी तो मध्येच बंद पडला आणि सकाळी ग्राहकाकडे अर्धवट आकडे गेले. लॉगमधली शेवटची ओळ होती : १८:४०, 'एरर आली'. बस्स, एवढंच. त्याच संध्याकाळी १८:३५ला टीममधल्या नव्या मुलीने कोड चढवला होता. चूक तिचीच, असं आम्ही ठरवूनही टाकलं. त्यात मी पुढे होतो.

ती दिवसभर स्वतःचा कोड उलटासुलटा तपासत बसली. शेवटी तिनेच विचारलं, "दादा, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे का?" होतं! यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे ती एरर रात्री १२:१०ची. बारा वाजता डेटाबेसच्या देखभालीचं काम सुरू झालं होतं, त्यात जोडणी तुटली होती.

त्यानंतर आम्ही लॉगचे नियम लिहून काढले. वेळेपुढे +०५:३० किंवा यूटीसी लिहायचंच. 'एरर आली' चालणार नाही. कुठल्या फाइलवर, काय करताना, ते हवं. पायथनमध्ये एक्सेप्ट ब्लॉकात लॉगर.एक्सेप्शन वापरलं की पूर्ण ट्रेसबॅक आपोआप येतो. पातळ्या पाच : डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. काहीच सेट केलं नाही तर वॉर्निंगच्या खालचं दिसत नाही. 'माझं इन्फो छापतच नाही' म्हणून मीही एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

डेटा सायन्सवाल्यांचं दुखणं वेगळं. नोटबुकात प्रिंट मारत जायचं आणि महिन्याने मॉडेलचा आकडा पुन्हा येत नाही. म्हणून डेटा फाइलची आवृत्ती, रँडम सीड, लायब्ररींच्या आवृत्त्या आणि प्रत्येक मर्जच्या आधी-नंतर किती ओळी होत्या, हे लॉगमध्ये हवंच. मर्जमध्ये ओळी गुपचूप दुप्पट होतात, कुणाला पत्ता लागत नाही.

आणि पासवर्ड, ओटीपी, फोन नंबर लॉगमध्ये नकोत. मे २०१८मध्ये ट्विटरने सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सुचवलं, कारण ते आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले गेले होते.

आमचं ते एक पान त्या मुलीनेच लिहिलं. पहिला नियम वेळेचा. मी तिची माफी मागितली ती चहाच्या टपरीवर. खरं तर टीमसमोर मागायला हवी होती.