पिशवी काढण्याआधी

कुवेतमधल्या आमच्या फिंतासच्या बिल्डिंगमधली एक मुलगी फाईल घेऊन वर आली. तिशीच्या आतली, मूळची सांगलीची. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, गाठ दोन सेंटिमीटरहून लहान. "सिस्टर, सासूबाई म्हणतात पिशवी काढून मोकळी हो." पुढे मूल हवंय का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. जीव आधी, हे मलाही मान्य आहे. पण पिशवी एकदा गेली की या प्रश्नाचं उत्तरच बदलतं, म्हणून तो आधीच विचारायला हवा.

इतक्या लहान गाठीत लसिकाग्रंथी स्वच्छ असतील, तर बहुधा फक्त तोंडाचा भाग काढून पिशवी ठेवता येते. फ्रान्समध्ये लियाँच्या डॉ. दानिएल दार्जाँ यांनी ही शस्त्रक्रिया १९८७ साली सुरू केली. पिशवीच्या खालच्या टोकाला कायमचा टाका घालतात, बाळ सिझेरियननेच होतं, दिवस भरण्याआधी होण्याची भीतीही राहते. हे तिच्यापासून मी लपवलं नाही.

ओटीपोटावर रेडिएशन द्यायचं असेल, तर बीजकोश आधीच वर सरकवून टाकतात. बीजकोश वाचले, तरी भाजलेल्या पिशवीत गर्भ सहसा टिकत नाही. म्हणून पुढे सरोगसीची वाट तरी उरावी यासाठी स्त्रीबीजं गोठवतात. दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं, आणि ती पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतात. पाळीची वाट पाहण्यात वेळ जात नाही. बीजकोशाच्याच कर्करोगात मात्र तिथे सुई घालणं धोक्याचं, पेशी पोटात सांडू शकतात. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कर्करोग अगदी सुरुवातीचा असेल, तर काही जणींना हार्मोनच्या औषधावर ठेवून, दर काही महिन्यांनी तुकडा तपासत, मूल होईपर्यंत थांबता येतं.

कुवेतमध्ये स्त्रीबीजांचे हे उपचार नवरा-बायकोच्या स्वतःच्या बीजांपुरतेच. दाता आणि सरोगसी चालत नाही. भारतात २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन सरोगसी बंद झाली, पण कर्करोगामुळे पिशवी काढावी लागली, हे सरोगसीला परवानगी मिळण्याचं कारण म्हणून नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी २०१७ साली गर्भाशयाचं प्रत्यारोपण केलं, पुढच्या वर्षी बाळही झालं. मात्र प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. कर्करोगातून उठलेल्या बाईला तो मार्ग मी सहज सुचवणार नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते तिने कागदावर उतरवून घेतलं: पिशवी वाचेल का, बीजं कधी गोठवायची, उपचार किती दिवस थांबू शकतात. खाली नवऱ्याने लिहिलं, "उपचारांसाठी मुंबईला जायचं झालं तर रजेचा अर्ज आजच टाकू का?"

मी म्हटलं, टाका.