अंतराळयानांची समान बोली

अंतराळयानाचा संदेश पृथ्वीवर येतो तो शून्य आणि एक या दोनच अंकांच्या अखंड प्रवाहाच्या रूपाने. त्या प्रवाहात तापमानाची नोंद कोठे संपली आणि छायाचित्र कोठे सुरू झाले, हे ओळखावयाचे कसे? पूर्वी निरनिराळ्या संस्था याविषयीचे आपापले संकेत ठरवीत. त्यामुळे एका देशाचे यान दुसऱ्या देशाच्या केंद्राला मुकेच वाटे.

ही अडचण दूर करण्यासाठी १९८२ साली प्रमुख अंतराळसंस्थांनी एक सल्लागार समिती स्थापन केली. अमेरिका, युरोप, जपान, रशिया, चीन आदींच्या संस्था तिच्या सभासद असून भारताची ‘इस्रो’ निरीक्षक म्हणून तिच्यात सहभागी आहे. समितीला हुकमत नाही. ती केवळ शिफारस करते. चर्चेतील मसुदा लाल पुस्तकात आणि सर्वसंमत झालेला नियम निळ्या पुस्तकात, अशी तिची मोठी सुटसुटीत रीत आहे.

समितीची एक मूलभूत योजना आपल्या टपालाची आठवण करून देते. माहितीची लहानमोठी पाकिटे करावयाची व प्रत्येकावर सहा बाइटांचा मथळा लिहावयाचा. पाकीट यानावरील कोणत्या कार्यासंबंधी आहे, त्याचा अनुक्रमांक काय आणि लांबी किती, हे त्या मथळ्यावरून समजते. एखादे पाकीट गहाळ झाले की अनुक्रमांकातील खंड तत्काळ नजरेस येतो.

परंतु पाकीट पोहोचूनही आतील मजकूर बिघडलेला असला तर? इतक्या दुरून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. मंगळ दूर असताना प्रश्न जाऊन उत्तर येण्यास ४० मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेव्हा ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची सोय नाही. म्हणून एका प्रचलित पद्धतीत २२३ बाइटांच्या मजकुरास पडताळ्याचे ३२ बाइट जोडतात. त्यांच्या आधारे १६ बाइटांपर्यंतच्या चुका ऐकणाराच दुरुस्त करतो.

या एकवाक्यतेची कसोटी फेब्रुवारी २००४ मध्ये मंगळावर लागली. अमेरिकेच्या ‘स्पिरिट’ या फिरत्या गाडीसाठीच्या आज्ञा जर्मनीतील डार्मश्टाट येथील युरोपीय केंद्राकडे गेल्या, तेथून मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपच्या ‘मार्स एक्स्प्रेस’कडे, आणि त्याने त्या गाडीला पोहोचविल्या. गाडीचे उत्तरही त्याच वाटेने परतले.

२०२३ साली ‘चांद्रयान-३’ चंद्राकडे निघाले, तेव्हा भारताचे केंद्र बंगळुरूजवळील ब्यालालू येथे होतेच. पण पृथ्वी फिरते, आणि चंद्र ब्यालालूच्या क्षितिजाखाली जातो. अशा वेळी फ्रेंच गयानातील कुरू व इंग्लंडमधील गूनहिली येथील अँटेनांचे, तसेच अमेरिकेच्या दूरसंपर्क केंद्रांचे साहाय्य त्या मोहिमेस झाले.